बालकांची तीव्र पोटदुखी आणि सोनोग्राफी : एका निदानपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

लहान मुलांची अचानक उद्भवणारी पोटदुखी हा वैद्यकातील जुना आणि अवघड प्रश्न होय. प्रौढ रुग्ण दुखणे कोठे सुरू झाले, कोठे सरकले आणि केव्हा वाढले हे सांगू शकतो. तीन वर्षांचे मूल रडते, पाय पोटाशी घेते आणि फारच विचारले तर बेंबीवर बोट ठेवते. अशा वेळी शल्यचिकित्सकाकडून दोन प्रकारची चूक संभवते. वाट पाहिली तर सुजलेले अपेंडिक्स फुटून पू पोटात पसरतो. घाई केली तर निरोगी अपेंडिक्स काढले जाते आणि मुलाच्या वाट्याला विनाकारण भूल, टाके व रुग्णालयातील मुक्काम येतो. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात काढलेल्या अपेंडिक्सपैकी १५ ते २० टक्के निरोगी निघणे गैर मानले जात नसे. उलट हे प्रमाण फारच कमी असेल तर संबंधित शल्यचिकित्सक गरजेपेक्षा जास्त थांबतो, असा त्याचा अर्थ लावला जाई. म्हणजे एका चुकीपासून बचाव व्हावा म्हणून दुसरी चूक ठरावीक प्रमाणात मान्य केली गेली होती.

सोनोग्राफीने ही स्थिती कशी बदलली याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा इतिहास सामान्यतः यंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. आतड्याच्या भित्तिकेची जाडी ध्वनीने मोजण्याचा प्रयत्न १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. सुजलेले अपेंडिक्स खात्रीने पाहण्याची रीत मात्र १९८६ मध्ये मांडली गेली. मधली ३६ वर्षे केवळ यंत्र तोकडे होते म्हणून गेली, असे म्हणता येत नाही. शेवटी जी रीत यशस्वी ठरली ती पोट चाचपणाऱ्या हाताच्या जुन्या कौशल्यावर आधारलेली होती, आणि त्या हाताची गरज यंत्र सुधारल्यानंतरही संपली नाही.

हाताच्या भरवशाचा काळ

अपेंडिक्स काढल्याची पहिली ज्ञात नोंद एका मुलाचीच आहे. डिसेंबर १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस अमियांड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियावर शस्त्रक्रिया केली. हर्नियाच्या पिशवीत अपेंडिक्स होते आणि गिळलेल्या टाचणीने त्याला छिद्र पडले होते. अमियांड यांना रोगाचे निदान करावे लागले नाही. तो त्यांच्यापुढे उघडा पडला. पोटाच्या उजव्या खालच्या भागातील जीवघेण्या दाहाचे मूळ अपेंडिक्समध्ये असते, हे बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये पोटावरील ज्या बिंदूचे वर्णन केले, तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षे निदानाचे मुख्य साधन हात हेच राहिले. झॅकरी कोप यांनी १९२१ मध्ये तीव्र पोटदुखीच्या लवकर निदानावर लिहिलेला ग्रंथ पुढील अनेक पिढ्यांनी अभ्यासला. पोटावर हात ठेवताना तो गरम असावा, दुखणाऱ्या जागेपासून दूर सुरुवात करावी, दाब हळूहळू वाढवावा, मुलाच्या शब्दांपेक्षा चेहऱ्याकडे लक्ष द्यावे, अशा गोष्टी वरिष्ठाकडून कनिष्ठाकडे रुग्णाच्या खाटेशी पोहोचत. मात्र घाबरलेले मूल पोट ताठ करते, आणि ताठ पोट हेच तर उदरावरणाच्या दाहाचेही लक्षण असते. येथे अनुभवी हातही फसत असे.

मुलांचा दुसरा गंभीर आजार म्हणजे इंटससेप्शन. यात आतड्याचा एक भाग दुर्बिणीच्या नळीसारखा पुढच्या भागात शिरतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटू लागतो. तो प्रामुख्याने तीन महिने ते तीन वर्षे या वयात आढळतो. कोपनहेगनचे हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८७६ मध्ये पाण्याच्या दाबाने आतडे मागे ढकलण्याच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात पाण्याची जागा बेरियमने घेतली आणि निदान व उपचार दोन्ही क्ष-किरणांच्या पडद्यावर होऊ लागले. संशय आलेल्या प्रत्येक बालकाला बेरियमचा एनिमा द्यावा लागे. त्यांपैकी अनेकांना इंटससेप्शन नसेच.

मिनिआपोलिस : आतड्यापासून सुरुवात

सोनोग्राफीचा उगम प्रसूतिशास्त्रात आहे, अशी एक समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात या तंत्राच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक आतड्यासंबंधीचा होता. जॉन ज्युलियन वाइल्ड हे १९१४ मध्ये जन्मलेले इंग्लिश शल्यचिकित्सक. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बाँबहल्ल्यांच्या काळात स्फोटाच्या धक्क्याने पोट फुगलेले रुग्ण त्यांनी पाहिले होते. फुगलेले आतडे कोठे तरी अडले आहे की नुसते लुळे पडले आहे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. अडलेल्या आतड्याला शस्त्रक्रिया हवी असते, लुळे पडलेले आतडे त्या शस्त्रक्रियेने अधिकच बिघडते.

युद्धानंतर वाइल्ड अमेरिकेत गेले आणि मिनेसोटा विद्यापीठात ओवेन वँगनस्टीन यांच्या शल्यविभागात काम करू लागले. आतडे अडलेल्या रुग्णांसाठी नाकातून नळी घालून पोटातील द्रव व वायू शोषून घेण्याचा उपचार वँगनस्टीन यांनीच रूढ केला होता. तेव्हा वाइल्ड यांच्या प्रश्नाला तेथे अनुकूल वातावरण होते. आतड्याच्या भित्तिकेची जाडी कळली तर दोन्ही अवस्थांमध्ये फरक करता येईल, अशी त्यांची कल्पना होती. शहराजवळील नौदलाच्या हवाई तळावर वैमानिकांना रडारचे शिक्षण देण्यासाठी १५ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र होते. वाइल्ड यांनी आतड्याचे नमुने त्या यंत्रापुढे धरले, तेव्हा भित्तिकेच्या थरांकडून वेगवेगळे प्रतिध्वनी परत आले. हे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाले.

याच प्रयोगांत कर्करोगाने बदललेल्या ऊतीचा प्रतिध्वनी निरोगी ऊतीपेक्षा निराळा असल्याचे आढळले आणि वाइल्ड यांचे लक्ष तिकडे वळले. जॉन रीड या अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी स्तनाच्या गाठींवर महत्त्वाचे काम केले. बाँबस्फोटाने फुगलेल्या पोटांचा प्रश्न मागे पडला तो पडलाच. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते : वाटेत सापडलेली गोष्ट मूळ शोधापेक्षा मोठी ठरते आणि मूळ शोध दुसऱ्याच कोणासाठी शिल्लक राहतो.

वायूची अडचण

ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इअन डोनाल्ड यांनी जॉन मॅकव्हिकार व अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह ७ जून १९५८ रोजी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला लेख हा सोनोग्राफीच्या इतिहासातील टप्पा मानला जातो. धातूच्या जोडातील भेगा शोधणाऱ्या यंत्रापासून त्यांचे संशोधन सुरू झाले होते. त्या लेखाचा विषय पोटातील गाठी हा होता. जठराच्या असाध्य कर्करोगाचे निदान झालेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची द्रवयुक्त गाठ असल्याचे ध्वनीने दाखवले आणि ती काढून टाकता आली. या यशामुळे पुढील दोन दशकांची दिशा ठरली. द्रवाने भरलेले गर्भाशय, मूत्राशय, पित्ताशय, अंडाशयाच्या गाठी आणि यकृत-मूत्रपिंडासारखे भरीव अवयव हे ध्वनीला सोयीचे होते. आतडे गैरसोयीचे होते.

गैरसोयीचे कारण भौतिकीत आहे. एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना ध्वनीचा किती भाग परत फिरेल हे दोन्ही माध्यमांच्या ध्वनिरोधातील फरकावर अवलंबून असते. स्नायू आणि यकृत यांच्या ध्वनिरोधात अल्प फरक असल्याने थोडाच ध्वनी परततो आणि उरलेला पुढे जातो. ऊती व वायू यांच्या सीमेवर मात्र ९९ टक्क्यांहून अधिक ध्वनी तेथूनच मागे फिरतो. आतड्यात वायू असतो, आणि रडताना हवा गिळणाऱ्या मुलाच्या आतड्यात तो आणखी असतो. त्यामुळे वायूच्या पलीकडील काहीही दिसू शकत नाही, हा नियम पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. नियम खरा होता. त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा होता. आतड्यातील वायू एका जागी बांधलेला नसतो, तो हलवता येतो, या साध्या वस्तुस्थितीचा पद्धतशीर उपयोग होण्यास बराच काळ जावा लागला.

यंत्राची मर्यादाही खरीच होती. ध्वनीचा ऊतीतील वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो; म्हणजे ५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर येते. वारंवारता वाढवली की बारकावा वाढतो, परंतु ध्वनी खोलवर पोहोचत नाही. १९६५ मध्ये सीमेन्स कंपनीच्या विडोसॉन यंत्राने हलती प्रतिमा शक्य केली. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज कॉसॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांऐवजी करड्या रंगाच्या अनेक छटा मिळू लागल्या. १९८० च्या सुमारास हातात मावणारे, उच्च वारंवारतेचे आणि त्या क्षणीची प्रतिमा दाखवणारे प्रोब मोठ्या रुग्णालयांत आले.

बालरोगांच्या क्षेत्रात त्याआधीच हालचाल सुरू झाली होती. रिटा टील व एडवर्ड स्मिथ यांनी १९७७ मध्ये बोस्टनहून तान्ह्या मुलांच्या जठराच्या तोंडाशी वाढलेला स्नायू सोनोग्राफीने दाखवला. हा आजार उलट्यांचा, पोटदुखीचा नव्हे. तरी पोकळ अवयवाची भित्तिका दिसू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले. त्याच वर्षी इंटससेप्शनचे सोनोग्राफीतील चित्रही नोंदवले गेले. आतड्यात आतडे शिरल्यावर आडव्या छेदात एकात एक वर्तुळे दिसतात आणि उभ्या छेदात मूत्रपिंडासारखा आकार दिसतो. ही खूण इतकी ठळक आहे की माँट्रियलमध्ये झालेल्या व १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोनोग्राफीतून एकही इंटससेप्शन सुटले नाही. बेरियमचा एनिमा केवळ निदानासाठी देण्याचे कारण त्यानंतर उरले नाही. चीनमधील वांग व लिऊ यांनी तर १९८८ मध्ये ३७७ बालकांचा अनुभव प्रसिद्ध केला : सोनोग्राफीच्या देखरेखीखाली द्रवाच्या दाबाने आतडे मागे सरकवण्यात ९५ टक्क्यांहून अधिक वेळा यश आले होते. हिर्शस्प्रुंग यांचा जुना उपचार क्ष-किरणांशिवाय पुन्हा होऊ लागला.

द हेग : दाबण्याची रीत

अपेंडिक्सचा प्रश्न अधिक अवघड होता. ते बारीक असते, त्याची जागा बदलती असते आणि त्याच्यापुढे वायूने भरलेली आतडी असतात. १९८१ मध्ये ड्यूश व लिओपोल्ड यांनी सुजलेल्या अपेंडिक्सची सोनोग्राफीतील प्रतिमा प्रसिद्ध केली. पण ती एका रुग्णाची नोंद होती.

नेदरलँड्समधील द हेग येथील रेडिओलॉजिस्ट ज्युलियन पायलार्ट यांनी १९८६ मध्ये जी रीत मांडली, ती ऐकताना फारच साधी वाटते. प्रोब पोटावर नुसता टेकवायचा नाही, तर त्याने हळूहळू वाढत जाणारा दाब द्यायचा. दाबामुळे मधल्या आतड्यांतील वायू व द्रव बाजूला सरतात. पोटाची पुढची भित्तिका आणि अपेंडिक्स यांतील अंतर घटते, त्यामुळे उच्च वारंवारतेचा प्रोब वापरता येतो. आणि निरोगी आतडे दाबाखाली चपटे होत असताना सुजलेले अपेंडिक्स मात्र गोलच राहते. दाब पुरेसा झाला की नाही, हे मागील सोअस स्नायू व श्रोणीतील मोठ्या रक्तवाहिन्या दिसू लागल्या यावरून कळते. दाब एकदम दिला किंवा एकदम काढला तर दुखते, म्हणून तो टप्प्याटप्प्याने द्यायचा. पोट कसे चाचपावे याविषयी जुने शल्यचिकित्सक जे शिकवत आले होते, तेच येथे प्रोबच्या भाषेत पुन्हा अवतरले.

पहिल्या अभ्यासात पायलार्ट यांनी लागोपाठच्या ६० रुग्णांची तपासणी केली. ज्या २८ जणांना अपेंडिक्सचा दाह असल्याचे सिद्ध झाले, त्यांपैकी २५ जणांत तो दिसला होता. १९८७ चा अभ्यास अधिक मोलाचा म्हणावा लागेल. त्यातील १११ रुग्णांपैकी ५२ जणांना अपेंडिक्सचा दाह होता आणि सोनोग्राफीने त्यांपैकी ३९ ओळखले. यश पहिल्यापेक्षा कमी होते आणि ते लपवलेले नव्हते. अपेंडिक्स फुटलेल्या रुग्णांत तर ही रीत फारशी उपयोगी पडली नाही, कारण असे पोट दाबू देत नाही; पण तेथे शस्त्रक्रियेचा निर्णय लक्षणांवरूनच झालेला असे. महत्त्वाचे हे की २९ रुग्णांच्या बाबतीत सोनोग्राफीमुळे उपचाराची आधी ठरलेली दिशा बदलली.

पायलार्ट यांच्या कामाची दुसरी बाजू तुलनेने कमी सांगितली जाते. अपेंडिक्स नाही तर मग दुखते कशामुळे, याचा त्यांनी पाठपुरावा केला. आतड्यांना धरणाऱ्या पडद्यातील सुजलेल्या लसिकाग्रंथी आणि लघ्वांत्राच्या शेवटच्या भागाचा जंतुजन्य दाह यांची चित्रे त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवली. यर्सिनिया, कॅम्पिलोबॅक्टर यांसारख्या जंतूंमुळे होणारा हा दाह अपेंडिक्सच्या दुखण्याची हुबेहूब नक्कल करतो आणि बहुधा शस्त्रक्रियेविना बरा होतो. ‘निरोगी अपेंडिक्स निघाले’ एवढ्या शेऱ्यावर ज्यांची नोंद पूर्वी संपत असे, त्यांपैकी अनेकांना एक वेगळा, नाव असलेला आजार होता, हे त्यामुळे उघड झाले. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या १५ ते २० टक्क्यांकडे यानंतर पूर्वीच्या निश्चिंततेने पाहणे कठीण होते.

मूल : अनुकूल रुग्ण

ही रीत प्रौढांपेक्षा मुलांना अधिक लागू पडते, हे लवकरच लक्षात आले. मुलाच्या पोटाची भित्तिका पातळ असते, चरबी कमी असते आणि अपेंडिक्स पृष्ठभागाच्या जवळ असते. १९९० मध्ये माँट्रियलमधील बालरुग्णालयातून आणि त्यानंतर वॉशिंग्टनमधून मुलांवरील स्वतंत्र अभ्यास आले. भूल द्यावी लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, आई शेजारी बसू शकते, या गोष्टींचा उल्लेख शोधनिबंधांत एखाद्या ओळीत येतो; तपासणीच्या यशात त्यांचा वाटा त्याहून मोठा आहे. १९९३ मधील एका अभ्यासाने तर रुग्णाला सर्वांत जास्त दुखते तेथे एका बोटाने दाखवायला सांगावे आणि प्रोब तेथेच ठेवावा, असे सुचवले. ज्याला दुखणे सांगता येत नाही असे मानले जात होते, त्या मुलाचे बोट येथे तपासणीचा भाग झाले. अंडाशयाला पीळ पडणे, वृषणाला पीळ पडून दुखणे पोटात जाणवणे, आणि जन्मतः चुकीच्या जागी बसलेल्या आतड्याला पीळ पडणे, हेही याच तपासणीत सापडू लागले. शेवटच्या आजारात रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात. ल्योंच्या प्राक्रो व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही खूण वर्णिली.

मर्यादांची चर्चाही याच काळात झाली. ब्रूक जेफ्री व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २५० रुग्णांवरून ६ मिलिमीटर ही व्यासाची सीमा मांडली आणि ती पाठ्यपुस्तकांत रुजली. पुढे निरोगी मुलांतही याच्या जवळपासचे अपेंडिक्स आढळू लागले. खरी अडचण ‘अपेंडिक्स दिसले नाही’ या शेऱ्याची होती. कुशल तज्ज्ञाच्या हातून आलेला हा शेरा बराच आश्वासक असतो, नवख्याच्या हातून आलेला जवळजवळ निरर्थक. २००५ मध्ये द हेगमधूनच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटाची तक्रार नसलेल्या दहांपैकी सुमारे आठ मुलांचे निरोगी अपेंडिक्स पाहता आले. इतरत्र हे प्रमाण पुष्कळ कमी राहिले. दोन्हीकडील यंत्रे साधारण सारखीच होती.

सीटी स्कॅनचे वळण

ही हस्तनिर्भरता अमेरिकेतील रुग्णालयांना परवडणारी नव्हती. रात्री दोन वाजता कुशल तज्ज्ञ मिळत नसे, सीटी स्कॅन मात्र मिळे. त्याची प्रतिमा कोणीही काढली तरी तीच येते आणि ती दूर बसून वाचता येते. बोस्टनमधील १९९८ व १९९९ च्या अभ्यासांनी अपेंडिक्ससाठी सीटीची अचूकता ठळकपणे मांडली, आणि पुढील काही वर्षांत पोटदुखी असलेल्या मुलांचे सीटी स्कॅन झपाट्याने वाढले. २००१ मध्ये डेव्हिड ब्रेनर व सहकाऱ्यांनी अमेरिकेत दरवर्षी सुमारे ६ लाख मुलांचे डोक्याचे व पोटाचे सीटी होतात आणि त्यांपैकी सुमारे ५०० जणांना पुढे त्या प्रारणांमुळे कर्करोगाने मृत्यू येऊ शकतो, असा अंदाज प्रसिद्ध केला. तो अंदाजच होता. त्यावर आक्षेपही आले. २०१२ मध्ये ब्रिटनमधील १,७८,६०४ रुग्णांच्या पाहणीने बालपणातील सीटी व रक्ताचा तसेच मेंदूचा कर्करोग यांत संबंध दाखवला, तेव्हा शंकेला आकड्यांचा आधार मिळाला. त्याआधीच, २००८ मध्ये, मुलांसाठी प्रारणांची मात्रा कमी राखण्याची ‘इमेज जेंटली’ मोहीम सुरू झाली होती. मुलांत आधी सोनोग्राफी आणि शंका उरल्यास पुढची तपासणी, हा क्रम पुन्हा रूढ झाला. नेदरलँड्सला हे वळण घ्यावेच लागले नाही. तेथे सोनोग्राफीचे शिक्षण तुटले नव्हते. २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी तर प्रतिमेशिवाय अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करू नये, असेच सांगितले.

महाराष्ट्राशी निगडित दोन संदर्भ

पहिला संदर्भ पुणे जिल्ह्यातील वढू येथील आहे. रोटाव्हायरसवरील एक लस इंटससेप्शनच्या धोक्यामुळे १९९९ मध्ये अमेरिकेत मागे घ्यावी लागली होती. त्यामुळे भारतात विकसित झालेल्या रोटाव्हॅक लशीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि वढू येथे ६,७९९ बालकांवर झाली, तेव्हा संशयास्पद लक्षणे असलेल्या बालकांची सोनोग्राफी करण्याची व्यवस्था होती. अशा बारीक पाळतीत एक वेगळाच प्रश्न पुढे आला : लघ्वांत्रातील काही इंटससेप्शन अल्पकाळ टिकून आपोआप सुटतात. पूर्वी ती कोणाच्या नजरेला पडली नसती. दिसलेली प्रत्येक गोष्ट रोग मानायची का, हा प्रश्न निदानाच्या इतिहासात नवा नाही. येथे त्यावर एका लशीचे भवितव्य अवलंबून होते.

दुसरा संदर्भ कायद्याचा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; केंद्रीय कायदा १९९४ चा. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून सेहत व मासूम या महाराष्ट्रातील संस्था आणि साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर सोनोग्राफी यंत्रांवरील नियंत्रण कडक झाले. मुलींच्या घटत्या संख्येपुढे हे नियंत्रण आवश्यकच होते. परंतु गर्भ पाहणारे आणि अपेंडिक्स पाहणारे यंत्र एकच असल्याने त्याची छाया बालरुग्ण विभागावरही पडली. यंत्र नोंदणीकृत जागेत आणि ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरच्याच हाती असावे लागते. २०१२ च्या नियमांनी सुटसुटीत, हलवता येणाऱ्या यंत्रांच्या वापरावर आणखी मर्यादा घातल्या. अमेरिकन बालरोग अकादमीने मात्र २०१५ मध्ये तातडीच्या विभागातील बालरोगतज्ज्ञांनी रुग्णाच्या खाटेशी स्वतः सोनोग्राफी करण्याचे धोरण जाहीर केले. पायलार्ट यांच्या रीतीत पोट चाचपणारा आणि प्रतिमा पाहणारा एकच असतो. भारतात हे दोघे बहुधा निरनिराळ्या खोल्यांत असतात, आणि तालुक्याच्या गावी रात्री पोट धरून आलेल्या मुलाच्या बाबतीत कित्येकदा निरनिराळ्या गावांत.